पाण्याच्या दिवशी मोजा

आमच्या वसाहतीचे सचिव पेपरचं कात्रण घेऊन आले तेव्हा मी गच्चीवर होतो. टाकीत काठी घालून पाणी किती उरलंय ते बघत होतो. चौथ्या दिवशी पाणी येणाऱ्या घरात हे दात घासण्याइतकं नेहमीचं काम. "सर, खाली या की. मागच्या रानाचं कायतरी निघालंय," ते जिन्यातूनच ओरडले.

कात्रणातलं अक्षर मुंगीएवढं होतं. जाहीर सूचना. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६, कलम ३७ (१). आमच्या मागच्या कंपाउंडला लागून असलेला गट, क्षेत्र ३ हेक्टर २० आर, मंजूर विकास आराखड्यातल्या शेती विभागातून वगळून रहिवास विभागात घेण्याचा प्रस्ताव. ज्यांना काही म्हणायचं असेल त्यांनी एक महिन्याच्या आत हरकती व सूचना लेखी द्याव्यात.

साध्या भाषेत सांगायचं तर मागच्या आठ एकर ज्वारीत इमारती उभ्या राहणार.

संध्याकाळी मारुतीच्या देवळापुढच्या कट्ट्यावर चाळीसेक माणसं जमली. एकाने हरकतीचा मसुदा टाइप करूनच आणला होता, एका ओळीचा: "आम्हा सर्व रहिवाशांचा या प्रस्तावास तीव्र विरोध आहे." खाली सह्यांसाठी रेघा. मी एकतीस वर्षं पॉलिटेक्निकमध्ये सिव्हिलच्या पोरांना शिकवलं, त्यामुळे माझी सही सगळ्यात वर पाहिजे असा आग्रह. मी विचारलं, विरोध कशासाठी? पाणी पुरत नाही, ड्रेनेज तुंबतं, रस्ता अरुंद आहे, अशी उत्तरं भराभर आली. एक आजोबा म्हणाले, "अन् रानावरनं वारं येतंय ओ, ते बंद होईल की." सगळ्यात खरं कारण बहुधा तेच होतं. पण ते कलम ३७ मध्ये बसत नाही.

मला दुसरंच आठवत होतं. १९९२ च्या हद्दवाढीत सोलापूर एकदम १७८ चौरस किलोमीटरचं झालं आणि आजूबाजूची रानं शहरात आली. आमची वसाहत त्यातल्याच एका रानावर बसलीय. सर्वांत मोठ्या आवाजात बोलणाऱ्या गृहस्थांचं घर ज्या जागेवर आहे तिथं मी स्वतः कणसं पाहिलेली आहेत. तेव्हा शेजारच्या वस्तीनेही अशीच बैठक घेतली असणार.

मी म्हणालो, सही करतो, पण आधी मोजू या. पाणी, ड्रेनेज, रस्ता यांत किती जागा शिल्लक आहे, आणि आराखड्यात ही जमीन हिरवी का ठेवलीय. दोन्ही बघून मग लिहू. "एवढं कशाला सर, नको म्हटलं की झालं," सचिव म्हणाले. तरी मुदतीतले वीस दिवस त्यांनी मला दिले.

दुसऱ्या दिवशी नगररचना कार्यालयात गेलो. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण बरेच जण इथं चुकतात. कागद मिळवायला माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज टाकून घरी बसायचं नाही. त्या कायद्यात उत्तराला तीस दिवसांची मुदत आहे आणि हरकतीलाही महिनाच. उत्तर येईपर्यंत सूचनेची मुदत संपलेली असते. प्रस्तावाचा नकाशा पाहण्यासाठी ठेवलेलाच असतो, तो सरळ जाऊन मागायचा. मला तो मिळाला, शिवाय अर्जदाराने जोडलेला पायाभूत सुविधांचा अहवालही टेबलावरच वाचायला मिळाला. लिपिकाने खुर्ची दिली, पंखा माझ्याकडे फिरवला आणि म्हणाला, "सर, मी तुमचाच विद्यार्थी." सोलापुरात मला हे सुख बऱ्याच खिडक्यांवर मिळतं.

भाग नकाशावर आमची वसाहत पिवळी, म्हणजे रहिवास विभाग. मागचा गट हिरवा, म्हणजे शेती. गटाच्या पश्चिम कडेने दोन समांतर रेघा गेलेल्या: १८ मीटरचा विकास आराखड्यातला रस्ता. जागेवर तो रस्ता नाही, तिथं बांध आहे आणि बांधावर बाभळी. रस्ता नकाशावर आमच्या ९ मीटरच्या रस्त्याला मिळतो आणि पुढे मोठ्या रस्त्यापर्यंत जातो. गटाच्या खालच्या अंगाला ओढा. ओढ्याच्या दोन्ही बाजूंना हिरवा रंग लांबवर पसरलेला, आणि आमचा गट त्या हिरव्याचं वरचं टोक.

आराखड्याशी सुसंगत आहे की नाही, याचं उत्तर मला त्या रंगांत शोधायचं होतं. कलम ३७ मधला फेरबदल आराखड्याचं मूळ स्वरूप बदलणारा नसावा, एवढीच कायद्याची अट. आठ एकरांनी शहराच्या आराखड्याचं स्वरूप बदलत नाही, असं कोणीही म्हणेल. पण हिरवा रंग ओढ्यासाठी ठेवला असेल तर दोन एकरांनीही बदलेल. ज्यांचं रान त्या शेतकरी आप्पांनाच गाठून विचारलं. २०२० च्या ऑक्टोबरमधल्या त्या पावसात पाणी कुठवर आलं होतं? आप्पांनी काही आडपडदा ठेवला नाही. बांधावरून चालत खाली नेलं आणि एका लिंबाच्या झाडाच्या बुंध्यापाशी उभे राहिले. "हितवर. याच्या वर आलं नाय." लिंबापासून ओढ्यापर्यंत साधारण पाऊण एकर. म्हणजे गटाचा खालचा तुकडा हिरवाच राहायला हवा होता आणि वरच्या सव्वासात एकराला हिरवं राहायचं ओढ्याच्या बाजूने तरी काही कारण नव्हतं. प्रस्ताव मात्र सगळा गट पिवळा करण्याचा होता.

आप्पांची दोन्ही मुलं पुण्याला. गुडघे गेलेले. एका बिल्डरशी बोलणी चालू होती, हे त्यांनीच सांगितलं. त्यांच्यावर राग धरणं मला त्या दिवसापासून जमलं नाही.

आता अहवाल. पानं बावीस, पण त्यातली पंधरा-सोळा शहराचा इतिहास, हवामान आणि सिद्धेश्वर तलावाचा फोटो यांत गेलेली. २०११ ची लोकसंख्या ९,५१,५५८, तीही होती. कामाची पानं चार. त्यांचा हिशेब असा: ४२० घरं, घरटी साडेचार माणसं, म्हणजे १,८९० माणसं. माणशी रोज १३५ लिटर पाणी, म्हणजे दिवसाला अडीच लाख लिटर. त्याचं ऐंशी टक्के सांडपाणी, म्हणजे दोन लाख लिटर. सरासरी काढली तर सेकंदाला २.४ लिटर, गर्दीच्या वेळचा तिप्पट गुणक लावला तर ७ लिटर. आमच्या रस्त्याखालची नऊ इंची लाइन भरून वाहिली तर सेकंदाला साधारण ३० लिटर नेते. आमच्या सातशे घरांचे तिप्पट धरून १२ आणि यांचे ७, असे १९. निष्कर्ष: "विद्यमान मलवाहिनीची क्षमता पुरेशी आहे." पाण्याबद्दल एकच वाक्य: उजनीहून समांतर जलवाहिनी होत असल्याने पाणीपुरवठ्याची अडचण राहणार नाही.

गणितात चूक नव्हती. हाच हिशेब मी वर्षानुवर्षं फळ्यावर करून दाखवला आहे. १३५ लिटर, ऐंशी टक्के, तिप्पट, सगळं पुस्तकातलं. विद्यार्थ्याने असा सोडवून आणला असता तर मी पैकीच्या पैकी मार्क दिले असते.

फक्त ते पुस्तक रोज पाणी येणाऱ्या गावासाठी लिहिलेलं आहे.

हे माझ्या डोक्यात आलं तेही चावीवाल्यामुळे. आमच्या भागात पाणी सोडणारा माणूस पहाटे साडेचारला सायकलला लांब चावी बांधून येतो. त्या गुरुवारी मी त्याच्याबरोबर फिरलो. तो झाकण उघडतो, चावी खाली घालतो, मोजून फिरवतो, कान देऊन ऐकतो आणि पुढे जातो. मी विचारलं, मागं अजून चारशे घरं झाली तर टाकीतलं पाणी पुरेल का? तो हसला. "टाकीत पाणी हाय ओ सर. येळ नाय."

मग त्याने बोटांवर मोजून दाखवलं. टाकीवर सात भाग, प्रत्येकाला दोन-अडीच तास. टाकी भरायला मधे वेळ लागतो. आठवा भाग आला की सगळ्यांचा दिवस पुढे सरकतो नाहीतर सगळ्यांचे तास कमी होतात. अहवालात लिटर होते, व्यास होता, उतार होता. वेळेचा रकाना नव्हता. उजनीतून कितीही पाणी आलं तरी आमच्या गल्लीत ते चार इंची पाइपातून आणि त्याच्या चावीच्या दोन तासांतच येणार.

त्याच सकाळी पंधरा लिटरची बादली आणि मोबाइलचं घड्याळ घेऊन मी गल्लीभर हिंडलो. पहिल्या घरात बादली पन्नास सेकंदांत भरली. शेवटच्या घरात, तिथल्या अक्कांनी मोटर बंद ठेवली तेव्हा, दोन मिनिटं चाळीस सेकंद लागले. अक्का दारात उभ्या राहून म्हणाल्या, "सर, अजून मोजायचं असंल तर मोजा, पण मोटर लावू द्या आता, येळ चाललाय." शेवटच्या घराचा हिशेब मी तिथंच पायरीवर बसून केला. दोन तासांत पावणेसातशे लिटर. माणसं पाच, दिवस चार. माणशी रोज चौतीस लिटर. अहवालात १३५. मधला फरक मोटर भरून काढते, म्हणजे शेजाऱ्याच्या पाइपातून काढते. मोटर लावू नये हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि मोटर नाही असं घर मला त्या गल्लीत सापडलं नाही, माझं धरून.

ड्रेनेजचं कोडं त्याच दिवशी दुपारी सुटायला लागलं. पाणी आलं की आमच्याकडे काय होतं? चार दिवसांचे कपडे धुतले जातात. चादरी, पडदे, पायपुसणी, मोटरसायकल, अंगण, सगळं. टाक्या भरून वाहतात. शिळं पाणी ओतून ताजं भरलं जातं. अर्ध्या आठवड्याचं सांडपाणी एका सकाळीच गटारात उतरतं. म्हणजे तिप्पट हा गुणक इथं चालणार नाही, पण मग किती? पुस्तकात मला सापडेना, म्हणून चेंबरच उघडायचं ठरवलं.

सचिवांनी पहार आणली, दोघा पोरांनी झाकण सरकवलं. बांबूला मी खडूने इंचाच्या खुणा केल्या होत्या. आधी कोरड्या दिवशी मोजलं: सकाळी आठला, नऊ इंची पाइपात दोन इंच पाणी, संथ, काळं. कागदावरच्या सरासरीशी जुळणारं. मनात म्हटलं, अहवालवाला जिंकला.

तिसऱ्या दिवशी, पाण्याच्या सकाळी, पुन्हा गेलो. सातला चार इंच. पावणेआठला सात. सव्वाआठला पाइपाचं तोंड दिसेना. पाणी पाइपाच्या माथ्यावर चार इंच चढलेलं, वर साबणाचा फेस, त्यात गरगर फिरणारं निरम्याचं पाकीट. रस्त्याने शाळेला निघालेली पोरं थांबून बघायला लागली. एक बाई म्हणाल्या, "काय बघू लालाव सर, चेंबरमदी?" मी बांबू वर काढून खूण दाखवली. त्यांनी नाकाला पदर लावला. "ते आमाला म्हाइताय की. दर टायमाला हितनं वर येतंय."

मी त्या आनंदात दोन दिवस होतो. आपल्या हातात असं काहीतरी लागलंय की पुढच्याला उत्तर देता येणार नाही, असा तो आनंद असतो. तो फार चांगला नव्हे.

मधल्या काळात अहवालातली आणखी एक गोष्ट लक्षात आली. ४२० घरं कुठून आली? मी उलटा हिशेब केला. रस्ता आणि सुविधा जागा वजा करून उरलेलं क्षेत्र, त्याला मूळ चटईक्षेत्र निर्देशांक (जमिनीच्या किती पट बांधकाम करता येतं तो आकडा) १.१०, घराला सत्तर चौरस मीटर. बरोबर ४२० च्या आसपास. पण डिसेंबर २०२० पासून लागू असलेल्या एकत्रित बांधकाम नियमावलीत १.१० ही फक्त सुरुवात आहे. समोरचा रस्ता जितका रुंद तितका प्रीमियम, म्हणजे जादा शुल्क, भरून आणि टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जमिनीवरचे बांधकामाचे हक्क, आणून निर्देशांक वाढवता येतो. १८ मीटरच्या रस्त्यावर तो अडीचपर्यंत जातो. १.१० च्या जागी अडीच धरले तर साडेनऊशे घरं, सव्वाचार हजार माणसं. बिल्डरच्या मनात आज ४२० असतील, मी त्यांना खोटं म्हणत नाही. पण झोन बदलला की तो त्या जमिनीला चिकटतो, एखाद्या योजनेच्या चित्राला नव्हे. उद्या जमीन दुसऱ्याने घेतली तर त्याला ४२० चं बंधन नाही. तपासणी करायची तर नियम जास्तीत जास्त जे देतो त्याची करायला हवी.

रस्त्याचं थोडक्यात सांगतो. कॉलेजच्या दोन पोरांना वही देऊन सकाळी आठ ते दहा चौकात बसवलं, त्यांनी गाड्या मोजल्या, तिसऱ्या दिवशी एक जण आलाच नाही. जेवढं मोजलं त्यावरून दिसलं ते असं: आमचा ९ मीटरचा रस्ता दुतर्फा लावलेल्या गाड्यांमुळे पाच-साडेपाच मीटर उरतो आणि शाळेच्या वेळी भरलेलाच असतो. साडेनऊशे घरं यावरून जाणार नाहीत. पण मजा अशी की १८ मीटरचा रस्ता झाला तर आमची गर्दीही निम्मी तिकडून जाईल. आणि तो रस्ता ज्या जमिनीतून जातो तिचा मोठा भाग आप्पांचाच. जमीन शेतीत राहिली तर तो रस्ता कधी होईल देव जाणे. रहिवासात गेली तर लेआउटच्या निमित्ताने रस्त्याची जागा ताब्यात येते, मालकाला तिचा मोबदला चटईक्षेत्रात मिळतो. ज्या बदलाला विरोध करायला निघालो होतो त्याच्याशिवाय आम्हाला हवा तो रस्ता होणार नव्हता.

हे मी कट्ट्यावर सांगितलं तेव्हा कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मागून आवाज आला, "सर फितूर झाले." हसण्यावारी गेलं, पण सगळं नाही.

शेवटी आम्ही हरकत नव्हे, "हरकत व सूचना" असा सहा पानी अर्ज दिला. लिंबाच्या झाडाखालचा पाऊण एकर शेती विभागातच ठेवावा. छाननी ४२० ची नव्हे, साडेनऊशे घरांची व्हावी. १८ मीटरचा रस्ता आधी, इमारत नंतर. आणि ड्रेनेज: आमच्या लाइनमध्ये एक थेंबही जागा नाही, सोबत फोटो आणि मोजमापं. चौतीस लिटरचा हिशेब वेगळ्या पानावर. दोन प्रती नेल्या, एकीवर आवक क्रमांकाचा शिक्का मारून पोच घेतली. एक ओळीची हरकतही बारा जणांनी वेगळी दिलीच.

सुनावणीची नोटीस संक्रांतीची गड्ड्याची यात्रा उरकल्यावर आली. मी इस्त्रीचा शर्ट घातला, बांबूचा फोटो मोठा करून घेतला. छोटं दालन होतं, टेबलाच्या एका बाजूला अधिकारी, ड्रेनेजचे अभियंते, दुसऱ्या बाजूला आम्ही चौघं, आप्पा आणि त्यांचे सल्लागार. मी पंधरा मिनिटं बोललो. पाण्याचा दिवस म्हणजे काय हे सांगितलं तेव्हा अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवून ऐकलं. अहवाल लिहिणारे ते सल्लागार तरुण होते. त्यांनी मान्य केलं की त्यांनी चेंबर उघडलं नव्हतं.

मग ड्रेनेजच्या अभियंत्यांनी शांतपणे एकच प्रश्न विचारला. "सर, मोजताना चेंबरच्या तळाला किती गाळ होता?"

मी गप्प. बांबू मी पाण्यात उभा केला होता, वरची खूण वाचली होती. तळाला बांबू टेकला की गाळाला, हे पाहिलंच नव्हतं. पोरांना मी प्रात्यक्षिकात पहिली गोष्ट हीच सांगायचो: काठी कशावर टेकलीय ते आधी बघा.

"खालची लाइन चोकअप असेल तर पाणी माथ्यावर चढणारच. ती क्षमता नाही, तो अडथळा आहे," ते म्हणाले. आवाजात कुठंही टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागलं. अधिकाऱ्यांनी सुचवलं की लाइन साफ करून पाण्याच्या दिवशी सगळ्यांच्या समोर पुन्हा मोजू.

आठवड्याने जेटिंगची, म्हणजे जोराच्या पाण्याने लाइन साफ करणारी, गाडी आली. तीन चेंबरांमधून जे निघालं ते बघून आमच्या वसाहतीला बोलायला जागा उरली नाही. दोन घमेली प्लास्टिक, एक अख्खी चादर, आणि वाळू, पाट्याच्या पाट्या. वाळू कुठून आली हे सगळ्यांना ठाऊक होतं. मागच्या वर्षी गल्लीत तीन घरांवर मजले चढले, त्यांचे ढीग पावसाळाभर रस्त्यावर होते. त्यातला एक ढीग सचिवांचा.

पुढच्या पाण्याच्या सकाळी पुन्हा सगळे चेंबरभोवती. ड्रेनेजचे अभियंते, सल्लागार, आप्पा, मी. या वेळी बांबूऐवजी अभियंत्यांची पट्टी. सव्वाआठला नऊपैकी सहा इंच. थोडा वेळ तिथंच थांबलं पाणी, मग उतरायला लागलं.

सहा इंच म्हणजे लाइन भरून वाहण्याच्या सुमारे ऐंशी टक्के, सेकंदाला चोवीसच्या आसपास लिटर. माझा "एक थेंबही जागा नाही" हा दावा खोटा ठरला. सल्लागारांचे १२ लिटरही खोटे ठरले, ते दुप्पट निघाले. चोवीसमध्ये त्यांचे सात मिळवले की एकतीस, आणि लाइन तीसची. ४२० घरांनाच काठोकाठ, साडेनऊशेचा प्रश्नच नाही. सल्लागारांनी स्वतःच वहीत हा आकडा लिहिला आणि माझ्याकडे वळवून दाखवला. मी मान हलवली. त्यांनी एक मुद्दा काढला तोही रास्त होता: नव्या इमारतींना खाली मोठी साठवण टाकी असते, तिथली माणसं पाण्याच्या दिवसाची वाट बघत धुणं साठवत नाहीत, त्यामुळे त्यांचं सांडपाणी आठवडाभर सारखं येईल. म्हणजे पाण्याच्या दिवसाचा लोंढा आमचाच, त्यांचा नाही. हे मी पुरवणी अर्जात त्यांच्या बाजूने लिहून दिलं. बारा जणांपैकी तिघांनी त्यानंतर माझ्याशी बोलणं बंद केलं.

प्रस्ताव शासनाकडे गेला तो बदललेला. तेव्हा महापालिकेवर प्रशासक होते, ठराव त्यांच्या सहीने झाला. लिंबाखालचा तुकडा हिरवाच. रस्त्याची जागा हस्तांतरित झाल्याशिवाय बांधकाम परवानगी नको. सांडपाणी आमच्या लाइनला जोडायचं नाही. १८ मीटरच्या रस्त्याखालून स्वतंत्र लाइन, मालकाच्या खर्चाने, ओढ्याजवळच्या मोठ्या मलवाहिनीपर्यंत. पाण्यासाठी स्वतःची साठवण टाकी. चावीवाल्याच्या आठव्या भागाचं काय करायचं याला मात्र त्यात ओळ नाही. तो प्रश्न मी दोन्ही अर्जांत मांडला होता, पण लिटर आणि इंच जसे कागदावर उतरतात तशी वेळ उतरत नाही. पुढे नगररचना संचालकांचं मत घेऊन शासनाने मंजूर करायचं, अटी घालून मंजूर करायचं की नाकारायचं, हे ठरायचं आहे.

तोवर मागं ज्वारी आहे. परवा कंपाउंडपलीकडून आप्पांनी हाक मारली, कणसं हुरड्याला आलीत, रविवारी सकाळी घरच्यांना घेऊन या, आगटी पेटवतो, शेंगाचटणी तेवढी तुम्ही आणा.

मी बोटांवर मोजलं आणि म्हणालो, "आप्पा, रविवार नको. सोमवारी येतो. रविवारी पाणी आहे."